पेठांमधून सायकलवर, तोंडात घास: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

अकोल्याहून नोकरीसाठी पुण्यात आले त्याला सहा वर्षं झाली. त्यातली पाच वर्षं माझं पुणं हिंजवडी ते वाकड एवढंच होतं. आई आली की तिला घेऊन तुळशीबागेत जायचं, पिशव्या भरायच्या आणि रिक्षा करून परत यायचं. पेठांशी संबंध इतकाच. मागच्या वर्षी ऑफिसातल्या मैत्रिणीने मला न विचारताच एका रविवारच्या सायकल फेरीत माझं नाव घातलं. माहितगार माणूस बरोबर असतो, सायकल तेच देतात, पेठा बघत वाटेत खायचं, असं तिने सांगितलं.

त्या पहिल्या फेरीत करता येतील तेवढ्या सगळ्या चुका मी केल्या. पहिल्याच थांब्यावर मिसळीची पूर्ण प्लेट खाल्ली, नवे लेसचे बूट घालून गेले, सीट खाली ठेवून दोन तास पेडल मारलं आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसचा जिना धरून धरून उतरले. पुढे आणखी दोनदा गाइडबरोबर गेले. आता पाहुणे आले की मीच त्यांना फिरवते. तुम्ही जाणार असाल तर हे वाचून जा.

१. नाव नोंदवण्याआधी फोन करा

जाहिरातीतल्या फोटोवरून काहीच कळत नाही. फोन करा आणि हे विचारा:

- एका गटात किती जण? आठ-दहा ठीक. पंधरा-वीस सायकली कसब्यातल्या आळीत घुसल्या की दूधवाल्यालाही वाट मिळत नाही, आणि गाइडचं बोलणं शेवटच्या पाच जणांना ऐकूच येत नाही.
- शुल्कात खाणं धरलं आहे का, किती थांब्यांचं, आणि माणशी प्लेट की वाटून? आमच्या पहिल्या फेरीत ‘खाण्यासह’ याचा अर्थ तिघांत एक प्लेट असा निघाला. खरं तर वाटूनच खायला हवं (त्याबद्दल पुढे), पण हे आधी सांगितलेलं बरं.
- सर्वांत शेवटी त्यांचा कुणी माणूस असतो का? पुढे एक आणि मागे एक, अशी दोन माणसं हवीतच. मागचा नसेल तर वळणावर हरवलेल्याला शोधण्यात अर्धा तास जातो.
- पंक्चरचं सामान आणि हवेचा पंप कोणाकडे?
- पावसामुळे फेरी रद्द झाली तर पैसे परत की पुढची तारीख?

उत्तरं मोघम आली तर दुसरीकडे बघा. ‘अहो, तुम्ही या तर खरं’ हे उत्तर मोघम धरावं.

२. दिवस निवडताना

रविवार पहाट सगळ्यांत सोपी, कारण रस्ते मोकळे असतात. सायकलवर फारसा हात बसलेला नसेल तर रविवारच घ्या. हात बसला असेल तर शनिवार किंवा एखादा कामाचा दिवस जास्त रंगतो. मंडई भरात असते, कारागीर कामावर असतात.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा उत्तम, पण जानेवारीत सातपर्यंत उजाडत नाही, म्हणून फेरी उशिरा निघते. एप्रिल-मेमध्ये साडेनऊनंतर सायकल चालवणं ही शिक्षाच. पावसाळ्यात लोखंडी झाकणं आणि गुळगुळीत फरशा यांवरून चाक सरकतं. मी एकदा पडले आहे, फार नाही, पण कोपर आठवडाभर दुखलं. गणेशोत्सवाचे दहा दिवस सायकल घरी ठेवा. मांडव पडलेले असतात, रस्ते बंद असतात, आणि ते पुणं पायीच पाहायचं असतं. संकष्टीला, त्यातही अंगारकी असेल तर, कसबा गणपती आणि दगडूशेठसमोरची गर्दी हिशेबात धरा.

३. बरोबर काय घ्यायचं

- ओळखपत्र. सायकल भाड्याची असेल तर आधारची प्रत किंवा अनामत मागतात. मूळ कार्ड ठेवून घेऊ देऊ नका, प्रत द्या.
- सुटे पैसे. मोबाइलवरून पैसे सगळीकडे चालतात असं आपण धरून चालतो आणि नेमकं त्याच गल्लीत नेटवर्क नसतं.
- पाण्याची बाटली, हातरुमाल, आणि एक रिकामा डबा. डब्याचं कारण सहाव्या मुद्द्यात.
- पट्ट्याची सँडल. हे ठळक अक्षरात लिहायला हवं. देवळं, वाडे, कुणाची तरी ओसरी असं करत त्या सकाळी मी सात-आठ वेळा बूट काढले-घातले, आणि दर वेळी सगळे सायकलवर बसून माझ्याकडे बघत होते.
- हेल्मेट ते देतात, पण डोक्याला बसतं का ते बघा. ओढणी, लांब कुर्ता किंवा सैल पायजमा चेनमध्ये अडकतो.

स्वच्छतागृहाबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. निघण्याआधी जाऊन या. पेठांमध्ये बायकांसाठी बरी सोय शोधावी लागते. आता मंडईला आणि कसबा पेठेत भुयारी मेट्रोची स्थानकं झाली आहेत, तिथे जाता येतं.

४. सायकल हातात आली की

गाइडचं भाषण सुरू होण्याआधी पाच मिनिटं सायकलीला द्या. सीटच्या शेजारी उभे राहा. सीट कमरेच्या हाडाशी आली पाहिजे. बसून पेडल खाली नेलं की गुडघा जेमतेम वाकलेला राहावा. नवख्या माणसाला पाय जमिनीला टेकायला हवे असतात, म्हणून तो सीट खाली घेतो आणि मग गुडघ्यांवर सगळा भार येतो. दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला, चाक फिरायला नको. टायर अंगठ्याने दाबून हवा बघा. घंटी वाजते का? पेठेत घंटी ब्रेकइतकीच लागते.

गिअरचं फार मनावर घेऊ नका. पेठा सपाट आहेत. मधला गिअर लावा आणि विसरून जा.

५. वाट: काय कधी उघडतं, यावर सगळं अवलंबून

पहिल्या फेरीत आम्हाला सकाळी साडेसहाला तांबट आळीत, म्हणजे तांब्याची भांडी घडवणाऱ्यांच्या गल्लीत, नेलं. आळी झोपलेली. गाइड बिचारा सांगत होता, ‘इथे ठोक्यांचा आवाज असतो’, आणि आम्ही बंद दारांकडे बघत होतो. म्हणून मी आता ज्या क्रमाने जाते तो देते. सगळं मिळून सहा-सात किलोमीटर होतात, वेळ मात्र चार तास धरा.

*शनिवारवाडा, उजाडता उजाडता.* इतक्या लवकर आत जाता येत नाही, त्याची गरजही नाही. दिल्ली दरवाज्यासमोर उभं राहून दारावरचे खिळे बघा. हत्तीने धडक मारू नये म्हणून ते हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर ठोकलेले आहेत. १७३० साली पायाभरणी, १७३२ मध्ये वास्तुशांत आणि १८२८ च्या आगीत आतलं जवळजवळ सगळं गेलं. उरली ती तटबंदी आणि आतले चौथरे. पेठांचा नकाशा इथे डोक्यात बसवून घ्या. कसबा सगळ्यांत जुनी. वारांच्या पेठांपैकी काहींना आधी वेगळी नावं होती. गुरुवार पेठ ही पूर्वी वेताळ पेठ. सदाशिव पेठ सदाशिवराव भाऊंच्या नावाची, नारायण पेठ नारायणराव पेशव्यांच्या.

*लक्ष्मी रस्ता, दुकानं उघडायच्या आत.* शिवाजी रस्त्याने खाली येऊन उजवीकडे वळायचं. एरवी इथे साड्यांच्या पाट्यांखेरीज काही दिसत नाही. सकाळी साडेसहाला शटर खाली असतात, आणि मग नजर आपोआप वर जाते: लाकडी सज्जे, नक्षीच्या कमानी, एखाद्या माळ्यावर वाळत घातलेलं धोतर. पाच वर्षं ज्या रस्त्यावर मी फक्त गर्दी पाहिली, तिथे वर आणखी एक रस्ता होता.

*नारायण पेठ आणि चहा.* इथल्या बोळांतून सायकल हळू न्या. नदीकाठच्या भागात नवी इमारत जास्त आणि वाडा कमी का, हे गाइडला विचारा. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि या पेठांमधले कितीतरी वाडे त्या पुरात गेले. ज्यांच्या घरात ते पाणी शिरलं होतं अशी माणसं अजून भेटतात, आणि एकदा सुरू झाली की थांबत नाहीत. थांबवूही नका, फेरीला उशीर झाला तर झाला.

*विश्रामबागवाडा, तुळशीबाग, मंडई.* विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाचा. रस्त्यावरून त्याची लाकडी दर्शनी बाजू बघून पुढे जा. तुळशीबागेत दुकानं बंद असतानाच मधलं राममंदिर नीट दिसतं. मग मंडई. १८८६ साली ती ‘रे मार्केट’ म्हणून सुरू झाली, मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने. पैसा शिक्षणाकडे वळवावा म्हणून महात्मा फुल्यांनी पालिकेत या खर्चाला विरोध केला होता, आणि पुढे तिला नाव मिळालं ते त्यांचंच. दगडी इमारतीत सायकल नेता येत नाही. मागच्या माणसाला बाहेर सायकलींपाशी उभं करून आत जा. मेथीच्या जुड्यांमधून चालताना फोटोसाठी थबकू नका, मागून पाटी डोक्यावर घेतलेला माणूस येत असतो आणि त्याला थांबता येत नाही.

*शिवाजी रस्त्याने वर, सायकल हातात धरून.* दगडूशेठच्या समोर भिडेवाड्याची जागा आहे. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली ती इथे. वाडा २०२३ च्या डिसेंबरात पाडला, स्मारकासाठी. देवळासमोर हात जोडायला वीस मिनिटं देणारे गट इथे एक मिनिटही थांबत नाहीत, हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. तुम्ही थांबा.

*कसबा, नऊ-साडेनऊनंतर.* लाल महालापासून आत वळा. कसबा गणपती, मग फडके हौद. हौद हा पेठांमधला पत्ता आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून नळाने शहरात पाणी आणलं आणि ते हौदांमध्ये सोडलं. बहुतेक हौदांचं पाणी गेलं, नावं राहिली, आणि रिक्षावाला अजून त्याच नावांवर चालतो. तिथून तांबट आळी. आता मात्र आवाज येतो. पत्र्याचं भांडं खुंटावर धरून लहान हातोडीने एकाला एक लागून ठोके देतात, त्याने भांड्यावर खवल्यांसारखी नक्षी उठते आणि पत्रा कडक होतो. याला मठारकाम म्हणतात. एक ठोका वाकडा पडला तर पूर्ण ओळ वाकडी दिसते. आम्हाला दाखवणाऱ्या आजोबांना विचारलं, मोजता का? ते म्हणाले, ‘मोजलं की चुकतं.’

वेळ उरला आणि पायांत दम असला तर सोमवार पेठेतलं त्रिशुंड गणपतीचं देऊळ करा. लहान, काळ्या दगडाचं, आणि दर्शनी भिंतीवर साखळदंडाने बांधलेला गेंडा कोरलेला. पुण्यात गेंडा! तो आणि त्याला बांधणारे गोरे शिपाई शोधायला दहा मिनिटं लागतात, गाइडने लगेच दाखवू नये असं आधीच सांगून ठेवा.

६. पोटाचा हिशेब

निघताना घरून रिकाम्या पोटी निघू नका आणि नाश्ता करूनही निघू नका. एक केळं पुरे.

पहिला थांबा चहाचा. पुण्याचं ‘अमृततुल्य’ म्हणजे साधी टपरी नव्हे. राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मण कुटुंबांनी हा धंदा इथे रुजवला. पितळी पातेलं, आलं-वेलची कुटायचा खल, फडक्यातून गाळलेला दुधाळ गोड चहा. खलाचा ठोका ऐकू आला की दुकान योग्य आहे. साखर कमी हवी असं सांगू नका, तो चहा एकाच पातेल्यात सगळ्यांसाठी होतो.

दुसरा थांबा मिसळ, आणि घोळ इथे होतो. मी विदर्भातली; तर्री पोह्यांवर वाढलेल्या जिभेला पुण्याची मिसळ आधी गोड लागते. नारायण पेठेत मुंजाबाच्या बोळातली बेडेकरांची मिसळ तशी गोडसर. तिच्यावर नाक मुरडून मी पहिल्या दिवशी गाइडकाकांशी वाद घातला. ते शांतपणे म्हणाले, ‘ताई, ही तुमच्या तर्रीची बहीण नाही, शेजारीण आहे.’ दुसऱ्यांदा खाल्ली तेव्हा पटलं. फडके हौदाजवळचं वैद्य उपाहारगृह १९१२ पासूनचं. तिथला रस्सा हिरव्या मिरचीच्या वाटणाचा, लाल तवंग शोधू नका. दोन्हीकडे पाव मागून वेटरला कोड्यात टाकू नका, मिसळीबरोबर स्लाइस येतो. आणि ‘सँपल’ हा शब्द शिकून घ्या. सँपल म्हणजे वरून घ्यायचा जादा रस्सा.

नियम एकच: दोघांत एक प्लेट, आणि एका फेरीत एकच मिसळ. दोन ठिकाणांची तुलना करायची हौस असेल तर दोन रविवार या. मिसळीवर सँपल, सँपलवर ताक आणि मग लगेच सायकल, हे मी केलं आहे. मंडईच्या पायरीवर अर्धा तास बसून काढला, बाकीचे गणपती बघून आले.

मंडईत फळं घ्या, तीही धुवून खा. वडा, साबुदाणा खिचडी असं काही पुढे दिसलं तर ते रिकाम्या डब्यात भरा. डबा आणायला सांगितला तो यासाठी. मोह होतो तेव्हा पोट भरलेलं असतं आणि घरी पोचता पोचता पुन्हा भूक लागते.

मस्तानी फेरीनंतर, सायकल परत केल्यावरच. दुधात आइस्क्रीमचा गोळा, म्हणजे पिण्याची की खाण्याची हे ठरायच्या आत संपते. ती पिऊन पेडल मारता येत नाही, झोप येते.

पोटाला सोसत नसेल, मधुमेह असेल, शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर गाइडला आधी सांगा. पुण्याच्या खाण्यात दाण्याचं कूट कुठे दडलेलं असेल ते सांगता येत नाही.

७. रस्त्यावर

शिवाजी रस्ता, बाजीराव रस्ता, लक्ष्मी रस्ता हे एकेरी आहेत. ‘सायकलला कुठे असतं एकेरी-दुहेरी’ असं म्हणणारा एक तरी गटात असतो. समोरून पीएमपीची बस आली की त्याला कळतं. उलट जायचंच असेल तर उतरा आणि कडेने सायकल हातात धरून चाला.

एका मागोमाग एक चालवा, गप्पा थांब्यावर मारा. उभ्या रिक्षेपासून आणि गाडीच्या दारापासून हातभर लांब राहा. बोळाच्या तोंडाशी घंटी वाजवा, कारण आतून स्कूटर येणारच. पुढच्याने हात वर केला की मागच्यानेही करायचा, हे निघतानाच ठरवून घ्या.

८. थांबल्यावर

पेठा म्हणजे लोकांची घरं. वाड्याचं दार उघडं दिसलं म्हणून आत शिरायचं नाही. गाइडची ओळख असेल तिथेच, तेही विचारून. मी एकदा चौकातल्या तुळशी वृंदावनाचा फोटो काढत होते, तर मागून एक आजी म्हणाल्या, ‘झाला असेल तर दार ओढून घ्या, मांजर येतं.’ तेव्हा कळलं की मी कुणाच्या तरी अंगणात उभी आहे.

कारागिराचा फोटो काढण्याआधी विचारा, आणि हातोडी चालू असताना प्रश्न विचारू नका. पुणेरी पाट्यांबद्दल मी लिहिणार नाही, त्यांचे फोटो तुमच्या फोनमध्ये आधीच असतील. देवांची नावं मात्र लिहून घ्या: पासोड्या विठोबा, जिलब्या मारुती, खुन्या मुरलीधर, सोट्या म्हसोबा. प्रत्येकाची गोष्ट गाइडला येतेच, आणि दोन गाइडांची गोष्ट एक नसते.

९. कॅम्प त्याच दिवशी करू नका

पुष्कळ फेऱ्या पेठा आणि कॅम्प एकाच सकाळी उरकतात. कॅम्पला पोचेपर्यंत सगळे थकलेले असतात, मग कयानीच्या रांगेत उभं राहून श्रुजबेरी घेतली की झालं कॅम्प. तो भाग वेगळा आहे, लष्करी छावणीतून वाढलेला, सरळ रस्त्यांचा. १८२५ चं सेंट मेरीज चर्च, डेव्हिड ससून यांनी बांधवलेलं लाल विटांचं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ; पुणेकर त्याला लाल देऊळ म्हणतात), इराण्याकडचा बनमस्का. त्याला स्वतंत्र रविवार द्या. लष्करी आवारांचे फोटो काढू नका, आणि बेकऱ्या दुपारी बंद असतात हे ध्यानात ठेवा.

१०. परत करताना

सायकल घेताना आणि परत देताना तिचा फोटो काढून ठेवा, चारही बाजूंनी. माझ्या एका मित्राची अनामत एका जुन्या ओरखड्यासाठी अडवली होती. सकाळी घेतानाच फोटो काढला असता तर वाद झाला नसता. गाइड आवडला तर त्याच्या हातात वेगळे पैसे द्या. शुल्कातलं त्याला किती मिळतं हे तुम्हाला माहीत नसतं.

तांबट आळीत काही घ्यायचं मनात असेल तर तेव्हाच ठरवा. पाण्याचा हंडा-कळशी तशीच वापरता येते. स्वयंपाकाचं पातेलं असेल तर आतून कल्हई करून घ्या, नाहीतर आंबट पदार्थ कळकतो. आणि सायकलला कॅरिअर आहे का ते सकाळीच बघा. मी तांब्याची कळशी हँडलला अडकवून कसब्यातून शनिवारवाड्यापर्यंत आले, दर खड्ड्याला ती घणघणत होती, आणि त्या दिवशी घंटी वाजवायची वेळ माझ्यावर एकदाही आली नाही.